साताऱ्यात उणे सात

"ताई, रविवारी तुमच्या अंगणात स्टोव्हवर काय उकळत होतं हो?"

वहिनींनी हे विचारलं बुधवारी. म्हणजे बाईंनी तीन दिवस कळ काढली. आमच्या दोन घरांच्या मध्ये छातीएवढी भिंत आहे. कढीलिंब त्यांच्या हद्दीतला, फांद्या आमच्या हद्दीत. त्यामुळे दोघींनाही भिंतीपाशी यायला रोज एक कारण असतं. मी फोडणीपुरती डहाळी तोडत होते. वहिनी खाटेवर वाळत घातलेले पापड उलथत होत्या. पापड अजून ओले होते, उलथायची काही गरज नव्हती.

"पाणी," मी म्हटलं.

"पाण्यात वायरी सोडल्या होत्या."

"होत्या."

"आणि भाऊजी बोनेटमध्ये अंगठा घालून उभे होते. हलत नव्हते. कोपऱ्यावरच्या बँकवाल्यांनी आमच्या ह्यांना येऊन सांगितलं, शॉक बसलाय म्हणून."

"शॉक नाही हो. बूच म्हणून उभे होते."

वहिनींनी पापड सोडले आणि भिंतीवर दोन्ही कोपरं टेकवली. आता सगळं सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. आणि खरं सांगू का, मलाही कुणीतरी विचारायला हवंच होतं. एकतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काढली मी, मुलांच्या परीक्षानळ्या धुण्यात आणि ॲमीटरचे फ्यूज बदलण्यात. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच काहीतरी प्रयोगासारखा प्रयोग केला होता, आणि घरात त्याचं कौतुक करणारं कुणी नव्हतं.

सुरुवात वहीपासून झाली. आमच्या ह्यांची पेट्रोलची वही गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. गाडी २०१४ सालची, छोटी, पेट्रोलवरची. घेतल्या दिवसापासून दर वेळी टाकी फुल करायची, किलोमीटर लिहायचे, भागाकार करायचा. लग्नाचा वाढदिवस विसरतील, पण २०१७ च्या दिवाळीत गाडीनं काय ॲव्हरेज दिलं ते तोंडपाठ. त्या वहीत आकडा सोळाच्या खाली कधी उतरला नव्हता. जानेवारीपासून घसरायला लागला. पंधरा, साडेतेरा, बारा. एप्रिलमध्ये अकरा. ह्यांची झोप उडाली. पंपावर माप मारतात म्हणून पंप बदलला. मग संशय माझ्यावर. भाजीला मी गाडी नेते तेव्हा पहिल्या गिअरमध्येच चालवते म्हणे.

"चालवता का?"

"राजवाड्यापाशी संध्याकाळी दुसरा गिअर टाकून दाखवा मला, वहिनी."

वहीत आकडेच असतात. बाकीचं मला दिसत होतं. सायलेन्सरच्या तोंडाशी बोट फिरवलं तर काजळी, तव्याच्या बुडाशी असते तशी. गाडी मागे घेतली की दोरीवरच्या कपड्यांना पेट्रोलचा वास. सकाळी गार असताना एका सेल्फमध्ये चालू व्हायची. पण औषधाच्या दुकानापाशी पाच मिनिटं उभी करून परत सेल्फ मारावा तर नुसती घर्र घर्र. मग ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा. काळ्या धुराचा एक लोट सोडून चालू व्हायची. शेवटी पीयूसी काढायला गेलो. ह्या जमान्यातल्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यापर्यंत चालतो. आमचा अडीच निघाला. तो पीयूसीवाला पोरगा म्हणाला, "काका, ही रॉकेलवर चालवता का?" हे दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

"अगंबाई. मग गॅरेजला टाकली असेल."

टाकली ना. गॅरेजवाल्यानं आधी प्लग बदलले, ते काळे झालेच होते. मग एअर फिल्टर. पंधरा दिवसांनी चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला, तेव्हा त्यानं यंत्र लावून बघितलं आणि निदान केलं, ऑक्सिजन सेन्सर गेला. तीन हजार आठशे रुपये, बसवायची मजुरी वेगळी. ह्यांनी डोळे मिटून दिले. दिवा पुसला गेला. चार दिवसांनी पुन्हा लागला. वहीत साडेदहा. नवा सेन्सर परत घ्या म्हणावं तर दुकानात पाटीच आहे, विकलेला इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही.

"आमच्या दिरांचंही असंच झालं होतं. तीन सेन्सर बदलले आणि शेवटी उंदरानं वायर खाल्लेली निघाली."

"हो ना? पण गॅरेजवाला अगदीच चुकला होता असं नाही." मी प्रामाणिकपणे सांगितलं. ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरच्या वाटेवर बसून धूर हुंगत असतो. धुरात ऑक्सिजन उरलाय का, पेट्रोल जास्त होतंय का, हे तो इंजिनाच्या मेंदूला, त्या ईसीएमला सांगतो, आणि ईसीएम त्याप्रमाणे पेट्रोल कमी-जास्त करतो. पेट्रोल जास्त जातंय म्हटल्यावर त्याच्यावर संशय येणारच. पण त्यात एक मेख आहे. इंजिन गार असताना पेट्रोल थोडं जास्त द्यावंच लागतं. जुन्या गाड्यांना आपण चोक ओढायचो ना, तसं. तेवढा वेळ ईसीएम ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतच नाही, स्वतःच्या ठोकताळ्यानं पेट्रोल ओततो. इंजिन तापलं अशी खात्री पटली की मग ऐकायला लागतो. आता ती खात्री त्याला कोण देतं? पाण्यातला दुसराच एक सेन्सर. बोटाच्या पेराएवढा, पितळी, कूलंटमध्ये नाक बुडवून बसलेला. ऑक्सिजनवाला घसा फोडून ओरडत असला, तरी हा पाण्यातला "इंजिन अजून गार आहे" म्हणत बसला की त्याचं कोण ऐकणार?

"म्हणजे सासू झोपलीय असं सांगून सुनेला फोन करू न देणारा."

हे वहिनींचं स्वतःचं दुःख होतं. मी तिकडे वळले नाही.

पण हे सगळं शहाणपण नंतरचं. आधी घाट झाला. मे महिन्यात पुण्याला भाचीचं केळवण होतं. येताना खंबाटकी. आपल्याला जाताना बोगदा आणि येताना घाट. चढ सुरू व्हायच्या आधी ह्यांनी एसी बंद केला. का? तर चढाला एसी पेट्रोल खातो. दुपारचे तीन, पुढे उसाच्या ट्रॉलीसारखा रांगणारा ट्रक, पहिला गिअर. तिसऱ्या वळणावर मला गोडसर वास आला, गुळाचा पाक लागल्यासारखा. म्हटलं कुणाच्या तरी गाडीत काकवी सांडली. पुढच्या वळणावर बोनेटच्या फटीतून वाफ.

गाडी बाजूला घेतली. हे लगेच उतरून रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले. मी अक्षरशः मनगट धरलं. प्रेशर कुकर आहे तो, वहिनी. आतलं पाणी दाबाखाली असतं म्हणून शंभराच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की सगळं एकदम उसळून तोंडावर येतं. पाऊण तास रस्त्याकडेला उभे राहिलो. लग्नघरच्या शिदोरीतल्या चकल्या संपवल्या. आणि त्या पाऊण तासात मी काय बघितलं? चावी अर्धी फिरवलेली होती आणि समोर निळा दिवा लागलेला होता.

"निळा कसला?"

आमच्या गाडीत तापमानाचा काटा नाही. निळा दिवा म्हणजे इंजिन गार आहे, जरा दमानं चालवा. तापलं की तो विझायला हवा. फारच तापलं तर लाल. इथे इंजिन वाफा सोडतंय आणि दिवा म्हणतोय गार आहे. ह्यांना विचारलं, हा दिवा कधीपासून विझत नाही? म्हणाले, "जानेवारीपासून असेल. निळा आहे म्हणून लक्ष दिलं नाही. निळा म्हणजे चांगलाच ना?"

भिंतीपलीकडे वहिनी इतक्या हसल्या की त्यांचा मोती उठून भुंकायला लागला.

एसी बंद केला आणि इंजिन उकळलं, ह्यात योगायोग काही नव्हता. रेडिएटरपुढचा पंखा दोन कारणांनी फिरतो. एक, पाणी तापलंय असं ईसीएमला कळलं तर. दोन, एसी चालू असला तर. ईसीएमला पाणी तापल्याचं कळतच नव्हतं. म्हणजे इतके महिने आमचा पंखा फक्त एसीच्या कृपेनं फिरत होता, आणि ह्यांनी पेट्रोल वाचवायला तोच बंद केला. उरलेला रस्ता एसी लावून, काचा उघड्या ठेवून आलो. लोक बघत होते.

पुढच्या आठवड्यात पुतण्या दोन दिवस राहायला आला. त्याच्याकडे काडेपेटीएवढं एक यंत्र आहे, हजारभर रुपयांचं. स्टीअरिंगच्या खाली सोळा भोकांचं सॉकेट असतं, त्यात खोचायचं. ब्लूटूथवरून मोबाइलमध्ये सगळं दिसतं. अमेरिकेत हे सॉकेट १९९६ पासून सक्तीचं आहे, आपल्याकडे २०१३ च्या एप्रिलपासून, असं त्यानं सांगितलं. आमची गाडी २०१४ ची, म्हणजे थोडक्यात वाचली. कोड निघाला पी ०१२५. त्या आकड्यांनाही घराण्याचं नाव, गोत्र असतं हो. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचं घराणं. पुढचं शून्य म्हणजे कोड सगळ्या कंपन्यांना सारखा. मग एक, म्हणजे हवा आणि पेट्रोलच्या मापाचं दुखणं. पुतण्यानं पुढचं वाचलं, "क्लोज्ड लूप" असं काहीतरी, आणि तोही म्हणाला, "काका, ऑक्सिजन सेन्सर!" ह्यांनी उसासा टाकला.

मी म्हटलं, पूर्ण वाच. पूर्ण वाक्य असं होतं, की ऑक्सिजन सेन्सरचं ऐकायला सुरुवात करावी इतकं पाणी तापत नाहीये. गॅरेजवाल्यानं शेपूट वाचलं आणि डोकं सोडलं.

"मग पाण्याचा सेन्सर मागवायचा. झालं की."

तिथेच तर फसतात, वहिनी. कोड दुखणं कुठल्या गल्लीत आहे ते सांगतो, घर नंबर सांगत नाही. सेन्सर खोटं बोलत असेल, वायर तुटली असेल, कपलरमध्ये हिरवं साचलं असेल, नाहीतर थर्मोस्टॅट उघडा अडकून पाणी खरोखरच तापत नसेल. ह्यांनी दुकानात फोन लावायला मोबाइल काढला होता, तो मी काढून घेतला. म्हटलं, उद्या सकाळपर्यंत गाडीला हात लावायचा नाही.

सकाळी सहाला, चावी फिरवायची पण इंजिन चालू करायचं नाही. रात्रभर उभी राहिलेली गाडी. हवा, पाणी, लोखंड, सगळं एकाच तापमानाला आलेलं असतं. इंजिनात येणारी हवा मोजायला वेगळा सेन्सर असतो. तो म्हणाला २४. भिंतीवरच्या माझ्या थर्मामीटरमध्येही २४. आणि पाण्याचा सेन्सर म्हणाला उणे ११. पुतण्या ओरडला, "काकू, आपण साताऱ्यात आहोत की लडाखला?" मग गाडी चालू करून वीस मिनिटं ठेवली. रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावला तर चटका बसला, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला होता, पाणी फिरत होतं. आकडा बघितला. उणे सात. इंजिनात चहा होईल इतकं पाणी तापलेलं आणि हा पठ्ठ्या उणे अकरावरून उणे सातवर आला होता.

मग माझा आकडा कामाला आला.

"कुठला आकडा?"

मी अंबाड्याला हात लावून दाखवला. केसांचा. टोकांचा काळा रंग सुरीनं खरवडून घेतला. गाडी बंद करून सेन्सरचा कपलर काढला, दोन तारांचा. वायर ओढायची नाही, प्लॅस्टिकची खिट्टी दाबायची. दहा वर्षं इंजिनाच्या गरमीत भाजलेलं प्लॅस्टिक असतं, पापडासारखं मोडतं. चावी फिरवली. मोबाइलवर उणे ४०, आणि त्याच क्षणी रेडिएटरचा पंखा भर्रकन फिरायला लागला. हे दचकून मागे सरले. मग आकड्यानं कपलरमधल्या दोन टोकांची गाठ घालून दिली. तर १३० च्या वर! म्हणजे काय झालं? वायर तुटल्यासारखी केली तर सगळ्यात खालचा आकडा, जोडली तर सगळ्यात वरचा. वायर ठणठणीत, ईसीएम ठणठणीत. चोर एकच उरला. पण हे दोन तारांच्या सेन्सरपुरतंच हं. तीन तारा असतील तर तिथे आकडा घालायचा नाही, नसतं काहीतरी जाळून बसाल.

मला त्या पंख्याचीच गंमत वाटली. सेन्सर पार मेला असता तर उणे ४० दिसलं असतं, ईसीएमनं ओळखलं असतं की हे शक्य नाही, आणि जिवाला भिऊन पंखा लावून ठेवला असता. घाटात इंजिन उकळलं नसतं. पण उणे सात? उणे सात खरं असू शकतं कुठेतरी. म्हणून त्यानं विश्वास ठेवला.

वहिनींनी कोपऱ्यावरच्या घराकडे एक नजर टाकली. "मागच्या वर्षी आमच्या मुलीच्या स्थळाबद्दल असंच निम्मं खरं सांगितलं होतं त्या बाईंनी," एवढंच म्हणाल्या. कुणाबद्दल ते मला कळलं. लिहिणार नाही.

सेन्सर पुतण्यानं पुढच्या शनिवारी पुण्याच्या नाना पेठेतून आणला. गाडीचा चासी नंबर देऊन मागितला, नुसतं गाडीचं नाव सांगून नाही. दिसायला सगळे सारखेच, पण कुणाचा आटा वेगळा, कुणाचा कपलर. चारशे साठ रुपये. वायसर दहा रुपये. कूलंटचा लिटरचा कॅन तीनशे दहा. तीन हजार आठशेच्या मानाने बघा.

आता रविवारचं. आदल्या रात्रीपासून गाडी गार. बॅटरीचं काळं टोक काढलं. खाली परात ठेवली, जुनी. थर्मोस्टॅटच्या घरावर तो सेन्सर बसलेला. १९ नंबरचा खोल गोटी पाना लागला. पहिला झटका ह्यांनी दिला, पण एकदा ढिला झाल्यावर शेवटचे आटे हातानं सोडवायचे आणि नवा लगेच लावायचा, म्हणजे पाणी थोडंच सांडतं. शहाण्या माणसानं असंच करावं. मला मात्र जुना आणि नवा एकाच पाण्यात बघायचे होते, बसवायच्या आधी. तेवढा वेळ भोकाला बूच कसलं? हे म्हणाले, "मी अंगठा धरतो, तू आण लवकर."

"आणि तुम्ही स्टोव्ह पेटवायला घेतलात."

घेतला. पाणी तापायला वेळ लागतोच, वहिनी, त्याला मी काय करू? दहा मिनिटांनी मला आठवलं की माझ्या जुन्या डब्यात प्रयोगशाळेतली रबरी बुचं आहेत. तीन नंबरचं फिट्ट बसलं. ह्यांनी अंगठा काढला, तो हिरवा झाला होता. आता ते बूच दहा मिनिटं आधी आठवायला हवं होतं हे खरं. पण बँकवाले भिंतीवरून बघत होते, आणि ह्यांना तसं उभं बघून मला बरं वाटत होतं. जानेवारीपासून माझ्या गिअरवर बोलत होते ना.

पातेलं चहाचंच घेतलं, सपाट बुडाचं. दोन्ही सेन्सरची फक्त पितळी नाकं पाण्यात, कपलरची बाजू कोरडी, वर आडव्या चमच्याला बांधलेली. मध्ये माझा ११० डिग्रीचा थर्मामीटर, बुडाला टेकू न देता. मल्टिमीटर ओहमवर. आत जो मणी असतो त्याला थर्मिस्टर म्हणतात. तापला की त्याचा विरोध कमी होतो, आपल्या बल्बच्या तारेच्या अगदी उलट. सव्वीस डिग्रीला नवा म्हणाला दोन हजार ओहम. जुना दहा हजार. साठ डिग्रीला नवा सहाशेवर आला. ऐंशीला तीनशे वीसच्या आसपास. असा पायरी पायरीनं उतरत होता की मला शाळेतला आलेखाचा कागद आठवला, काढायला हवा होता. आणि जुना? दहा हजारावरून साडेआठ हजार, सव्वाआठ हजार, तिथेच ठाण मांडून. पाणी खळाखळा उकळलं तेव्हा थर्मामीटर साडेसत्त्याण्णवच्या जवळ थांबला. ह्यांनी लगेच काढलं, "तुझा थर्मामीटरही खोटा!" खोटा नाही. सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर आहे. इथे पाणी शंभराच्या आधीच उकळतं. एकतीस वर्षं हेच आकडे बघितलेत मी.

नवा दोनशे ओहमला. जुना आठ हजारांच्या वर. मल्टिमीटर ह्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, वहीत लिहा.

बसवायचं काम त्या मानाने काहीच नाही. नवा वायसर, पहिले चार-पाच आटे नुसत्या बोटांनी, सरळ जातोय ना बघून. घर ॲल्युमिनियमचं असतं, आटा चढला तर सेन्सरच्या चारशे साठात भागत नाही. मग पान्यानं जेमतेम आवळायचा. ह्यांना पाना दिला नाही मी, ते कुकरची शिट्टीसुद्धा ताकद लावून बसवतात. कपलर टक् करून लागला. सांडलं तेवढं कूलंट भरलं, त्याच रंगाचं आणि डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेलं. घाटात बाटलीतलं साधं पाणी घातलं होतं, त्याचा हिशेब पुढे सगळं कूलंट बदलताना. झाकण उघडं ठेवून, हीटर पूर्ण गरमवर करून गाडी चालू केली. आत हवा अडकली असेल तर ती बुडबुड्यांनी बाहेर येते. ती राहिली तर नवा सेन्सरही हवेचंच तापमान सांगत बसतो आणि आपण पुन्हा त्याच्या नावानं बोटं मोडतो.

पुतण्यानं कोड पुसला. मोबाइलवर आकडा चढत गेला. सत्तावीस, चाळीस, पंचावन्न. साठच्या आसपास निळा दिवा विझला. जानेवारीनंतर पहिल्यांदा. ह्यांनी पुढे वाकून बघितलं, बल्ब गेला की काय म्हणून! ऐंशीच्या पुढे थर्मोस्टॅट उघडल्यावर आकडा जरासा खाली आला, पुन्हा चढला, आणि शहाण्णवला पंखा लागला. एसी बंद असताना, आपणहून. हे बोनेटपाशी कान लावून उभे. त्र्याण्णवला पंखा थांबला. पुन्हा शहाण्णव, पुन्हा पंखा. चार वेळा ऐकला त्यांनी.

"आणि ॲव्हरेज?"

"पंधरा. एकच टाकी झालीय अजून. सोळा नाही." ते जुने साडेसोळा परत येतील की नाही, मी सांगू शकत नाही. चार-पाच महिने न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये गेलंय. त्याची जाळी अशानं आतून भाजते, आणि तो बदलायचा म्हणजे ऑक्सिजन सेन्सर स्वस्त वाटावा. पीयूसी मात्र सोमवारी पास झाली. त्याच पोरानं दिली. रॉकेलचं काही बोलला नाही.

वहिनी थोडा वेळ गप्प होत्या. पापडांवर कावळा बसला तरी हाकलला नाही, तेव्हाच मी ओळखलं की पोटात काहीतरी आहे.

"ताई, आमच्याही गाडीचा पिवळा दिवा लागलाय. आठवडा झाला."

"कोड बघितलात?"

"नाही. ह्यांना बँकवाल्यांनी सांगितलं, तुमच्या भाऊजींचं झालं तेच असणार. म्हणून ह्यांनी काल रात्री ऑनलाइन मागवला पण."

"काय मागवला?"

"ऑक्सिजन सेन्सर."

मी डहाळी भिंतीवर ठेवली. म्हटलं, आधी जाऊन ती ऑर्डर रद्द करा, पुतण्या शनिवारी येतोय, तोवर गाडी फार तापू देऊ नका. आणि एक, आमच्या अंगणात सांडलेलं कूलंट मी धुऊन काढलंय, पण मोतीला दोन दिवस इकडे सोडू नका. त्याची चव गोड असते, कुत्री-मांजरं आवडीनं चाटतात, आणि ते त्यांच्या मूत्रपिंडाला जहर आहे. वहिनींनी मोतीला पट्ट्याला धरून आत नेलं. फोनवर बोलण्याचा आवाज आला. दोन मिनिटांत परत आल्या.

"रद्द झाली. पण ताई, एक विचारू? ते पातेलं. मी रविवारी संध्याकाळी तुमच्याकडे चहा प्यायले होते."

"तो दुसऱ्या पातेल्यातला."

त्यांचा विश्वास बसला नाही, चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणून त्यांना भिंतीवरूनच गॅरेजमध्ये बघायला लावलं. पातेलं तिथे खिळ्याला टांगलंय, कूलंट लागलेला सेन्सर त्यात बुडला होता, आता ते स्वयंपाकघरात येणार नाही. नवं एकशे ऐंशीला पडलं. ह्यांनी ते वहीत सेन्सरच्या खाली मांडलंय.